पाणाड्या

मंगळवारची शेवटची पेशंट, नोरीन ब्लँचर्ड, वय एकसष्ट.
तीस वर्षं ग्रिम्सबीच्या गोदीवर माशांचे काटे काढले.
आता केसांपर्यंत हात जात नाही.
"चादर दोरीवर पडेना," ती म्हणाली,
"म्हणून नवऱ्याला सांगून दोरीच खाली घेतली.
आता चादर गवताला पुसते."
हसली. मीही हसले.
खुर्चीतून उठताना तिनं दोन्ही तळव्यांनी
स्वतःच्याच मांड्यांना रेटा दिला,
चिखलात रुतलेल्या गाडीला द्यावा तसा.

आधी सगळे म्हणाले, वय.
मग म्हणाले, पाळी गेल्यावर होतं असं.
मग कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून पाहिली.
मग रक्तातला कुठलासा आकडा
शंभर-दीडशेच्या जागी सहा हजार निघाला
आणि सगळे खुर्चीत सरळ झाले.
डाव्या मांडीतून तुकडा काढला. तपासला.
तुकडा ठणठणीत!
जिना मात्र रोज एकेका पायरीनं वाढतोच आहे.

अंगठी निघेना. सोनं चालतं, राहू द्या, म्हटलं.
कानात बोळे, हातात घंटीचा रबरी फुगा,
आणि ती आत सरकली,
पाव भट्टीत जातो तशी, पाय पुढे.

काचेअलीकडे मी.
पहिल्या चित्रात मांडी म्हणजे नुसती मांडी,
हाडाभोवती करडं मांस, मांसाभोवती उजळ चरबी.
मग मी चरबी विझवते.
हो, विझवता येते, एक बटण आहे.
आणि अंधारात उरतं
ते फक्त पाणी.

आमच्याकडे एखाद्याला पाण्यात पाहणं
म्हणजे त्याचं वाईट चिंतणं.
मला त्याचाच पगार मिळतो.

जतला माझा मामा पाणाड्या होता.
तळहातावर नारळ आडवा ठेवून
अनवाणी चालायचा कुसळांतून,
नारळ उभा राहिला की टाच रोवायचा: इथं.
दोनातली एक बोअर कोरडी जायची.
विचारलं तर म्हणायचा, नारळ जुना होता.
मी फिजिक्स शिकले ते थोडं त्याच्यावर चिडूनच.

आणि आता हे बघ, मामा.
उजव्या मांडीत, पुढच्या बाजूला,
गुडघ्याच्या वर वीतभर,
पांढरं.
त्याच्या शेजारी आणखी एक डबकं.
डावीकडे मागे थोडं, पुढे जवळजवळ काहीच नाही.
तिथंच त्यांनी सुई घातली होती.
सूज काही पूर आल्यासारखी सगळीकडे पसरत नाही,
मधला स्नायू कोरडा ठेवून
दोन्हीकडे झिरपते.

पांढरं म्हणजे रोगच, असं नाही.
पाणी कशानंही साचतं,
पडल्यानं, पळाल्यानं, आणखी कशानं.
ते तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर एकपो ठरवतील,
आणि मग ती नवी सुई.
मी फक्त टाच रोवायची.

बाहेर आल्यावर तिनं विचारलंच,
सगळे विचारतात.
"दिसलं काही?"
"रिपोर्ट डॉक्टर सांगतील, साधारण आठवड्याभरात."
हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय
की त्याला माझा आवाज लागत नाही.
तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं,
गोदीवर ताजा मासा डोळ्यावरून ओळखतात तसं.
मी नजर नारळासारखी आडवीच ठेवली.

मग कोट.
एक बाही चढली, दुसरा हात कोपरापाशी अडला.
मी कोट खाली, पार कमरेपर्यंत नेला
आणि वाट पाहिली,
हात आपला आपण सापडेपर्यंत.
तिनं बटणं लावली, वरचं एक सोडून.
ते मी लावलं.

"त्या दोरीचं," ती दारातून म्हणाली,
"तिला म्हणावं का, वर घे म्हणून?"
कुणाला म्हणावं, ते कळलं नाही मला.
नवऱ्याला असेल.
"अजून थोडे दिवस राहू द्या," म्हटलं,
आणि तेवढ्यात बहुधा
नारळ थोडा हलला.